लाखाचं स्टीअरिंग घेताय? आधी तासभर चालवून बघा

सेकंडहँड मोटारसायकल घ्यायची म्हटलं तरी माणूस ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, एक चक्कर मारून बघतो. पण कॉम्प्युटरवर रेसिंग करायचा सेट, म्हणजे स्टीअरिंग, पेडल, सीट आणि लोखंडी किंवा अल्युमिनियमची फ्रेम, हे सगळं लाखाच्या वर जात असूनही बरेच जण यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून, हातही न लावता ऑर्डर करतात. कारणही आहे. बेळगाव असो, निपाणी असो की मडगाव, हे सामान मांडून ठेवलेलं दुकान आपल्याकडे सहसा सापडत नाही. ऑर्डर केल्यावर ‘जमलं नाही’ म्हणून परत करणं त्याहून अवघड. म्हणून आधी ट्रायल कशी घ्यायची, ते नीट समजून घेऊ.

न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती?

या स्टीअरिंगचे ढोबळ तीन प्रकार. लॉजिटेक जी29 सारख्यांत मोटरचा जोर गिअरमधून येतो. थ्रस्टमास्टर टी300 सारख्यांत बेल्ट असतो. महागड्या ‘डायरेक्ट ड्राइव्ह’मध्ये स्टीअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, त्यामुळे टायर घसरायला लागल्याचं हाताला लगेच आणि स्वच्छ कळतं.

जोर मोजतात न्यूटन-मीटरमध्ये. जी29 साधारण 2, फॅनाटेकचं सीएसएल डीडी 5 (बूस्ट किट लावल्यावर 8), मोझा आर12 नावाप्रमाणे 12 आणि सिम्युक्यूब 2 प्रो 25 न्यूटन-मीटर. आकड्यांनी काही कळत नसेल तर साधा हिशेब करा. स्टीअरिंगचा व्यास 30 सेंटीमीटर धरला, तर 2 न्यूटन-मीटर म्हणजे कडेला सुमारे दीड किलोची ओढ. 8 म्हणजे साडेपाच किलो, पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीपेक्षा थोडी जास्त. आणि 25 म्हणजे सतरा किलो, जवळपास पाण्याने भरलेली बादली. ही ओढ झटक्यात, दोन्ही दिशांना येते.

म्हणूनच ‘जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं’ असं डोळे झाकून धरू नका. गाडी भिंतीवर आदळली आणि अंगठा स्टीअरिंगच्या आऱ्यात अडकलेला असला, तर ताकदवान मोटर अंगठा मुरगळू शकते. घरात लहान मुलं हात लावणार असतील तर याचा आधीच विचार हवा. दुसरीकडे, कमी ताकदीच्या मोटरला गेमने जास्त जोर मागितला की सगळे मोठे धक्के एकसारखेच लागतात, बारीक फरक जातो. याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. तुमच्या मनगटाला कुठला आकडा झेपतो, हे चालवूनच ठरतं.

खरी परीक्षा ब्रेकची

नवख्या माणसाचं सगळं लक्ष स्टीअरिंगवर असतं. लॅपचा वेळ मात्र जास्त करून ब्रेकवर सुधारतो. स्वस्त पेडल किती खाली गेलं ते मोजतं. ‘लोड सेल’वालं पेडल पायाने किती जोर लावला ते मोजतं. खऱ्या रेसिंग कारचा ब्रेक असाच कडक असतो, आणि पायाला अंतरापेक्षा जोर जास्त चांगला लक्षात राहतो.

पण हा जोर थोडाथोडका नाही. ह्यूसिनकवेल्ड स्प्रिंटसारख्या ब्रेक पेडलवर 65 किलोपर्यंत दाब देता येतो. घरी चाकाच्या खुर्चीवर बसून तो दाबला तर पेडल जागेवर राहील आणि खुर्ची तुम्हाला घेऊन भिंतीपर्यंत जाईल! म्हणजे असं पेडल घ्यायचं तर पक्की फ्रेम आणि पक्की सीट हवीच, तो खर्च आधीच धरा. बजेट मर्यादित असेल तर क्रम असा ठेवा: आधी पेडल, मग फ्रेम, मग मोटर. सीट हलवणारी मोशन यंत्रणा सगळ्यात शेवटी.

ट्रायल कुठे, कशी?

पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद अशा शहरांत तासाच्या हिशेबाने सिम्युलेटर चालवायला देणाऱ्या जागा आहेत. बेळगाव तर पुणे-बेंगळुरू हायवेवरच. कुठल्याही कामासाठी गेलात तर त्यात एक तास काढा. जाण्याआधी फोन करून मोटर आणि पेडलचं नेमकं मॉडेल विचारा. ‘एफ-वन सिम्युलेटर’ एवढ्याच उत्तरावर जाऊ नका.

तिथे गेल्यावर:

- रोज चालवता तीच गाडी, तोच ट्रॅक मागा. सगळंच नवीन असेल तर फरक सामानाचा की गाडीचा, ते कळणार नाही.
- मोटरचा जोर किती टक्क्यांवर ठेवलाय ते विचारा. 20 ची मोटर 40 टक्क्यांवर असेल, तर तुम्ही चालवताय ती 8 ची.
- पहिली दहा मिनिटं सोडून द्या. मग एकाच वळणावर दहा वेळा एकाच खुणेपाशी ब्रेक मारा. सगळ्यात वेगवान लॅपकडे बघू नका, लॅप एकमेकांच्या किती जवळ येतात ते बघा.
- जमलं तर कमी आणि जास्त जोर, दोन्ही लागोपाठ चालवा.
- शूज घालून आणि नुसत्या मोज्यांवर, दोन्ही प्रकारे पेडल दाबून बघा.
- तासाच्या शेवटी मनगट, खांदे, कंबर काय म्हणतात ते बघा. व्हीआर चष्मा घेणार असाल तर किमान वीस मिनिटं लावा, मळमळ उशिरा सुरू होते.

काही गोष्टी तिथे कळणार नाहीत. पेडलची धडधड जमिनीतून जाते, जुन्या घराच्या माडीवर किंवा फ्लॅटमध्ये खालच्यांना ती रात्री अकराला ऐकू येईल. तिथली सीट तुमच्या बांध्याला बसली, तरी तुमच्या खोलीत फ्रेम मावते का, हे टेप घेऊन स्वतःच मोजावं लागेल.

पैसे भरण्यापूर्वी

प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळत असाल तर चालणार की नाही, हे आधी पक्कं करा. जी29 प्लेस्टेशनसाठी, तर तसंच दिसणारं जी920 एक्सबॉक्ससाठी आहे. फॅनाटेकमध्ये एक्सबॉक्सचा पाठिंबा स्टीअरिंगमध्ये असतो आणि प्लेस्टेशनचा मोटरमध्ये. एका कंपनीचं स्टीअरिंग दुसरीच्या मोटरवर सहसा थेट बसत नाही, म्हणजे पहिली खरेदीच पुढच्या खरेद्या ठरवते. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर वॉरंटी भारतात चालते का, ते लेखी विचारा. कस्टम ड्युटी वेगळी.

मन बदललं म्हणून माल परत घ्यावाच, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही, विक्रेत्याची रिटर्न पॉलिसी वाचूनच पैसे भरा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. सदोष माल निघाला आणि विक्रेता मुंबईचा, तुम्ही कर्नाटकात किंवा गोव्यात, म्हणून घाबरायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, तीही दोन वर्षांच्या आत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

तासाभराच्या ट्रायलचे पैसे आणि जाण्यायेण्याचं तिकीट एकूण खर्चापुढे किरकोळ आहेत. आणि ट्रायलनंतर ‘आपल्याला 5 न्यूटन-मीटरच पुरे’ असं वाटलं, तर वाचलेल्या पैशात चांगली पेडल येतील.