होस्टेलच्या खोलीत मावेल अशी तालीम
दुकानदाराने काय ठेवावे आणि कारागिराने काय बनवावे

जून-जुलैमध्ये कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की होस्टेलच्या आसपासच्या दुकानांत बादली, गादी, कुलूप आणि टेबल-लँप यांना मागणी येते. त्याच गिऱ्हाईकाला आणखी एक माल हवा असतो, तो म्हणजे खोलीत ठेवता येईल असे व्यायामाचे सामान. बाहेरच्या जिमची महिन्याची फी अनेकांना परवडत नाही. कॉलेजची जिम असलीच तर संध्याकाळी तिथे गर्दी असते, आणि पुष्कळ मुलींना तिथे जाणे सोयीचे वाटत नाही. मग विद्यार्थी मोबाईलवर चित्र पाहून काहीतरी मागवतो आणि पुष्कळदा ती वस्तू पलंगाखाली पडून राहते, कारण ती त्याच्या खोलीचा विचार करून बनवलेली नसते.

हा धंदा एकट्या खेळ-साहित्याच्या दुकानदाराचा नाही. लेथवाला, सुतार, बॅगा शिवणारा, सतरंजीवाला यांनाही त्यात काम आहे. परंतु माल भरण्यापूर्वी ज्या खोलीत तो जाणार ती खोली समजून घेतली पाहिजे.

आधी खोली पाहा

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे होस्टेलमध्ये एका विद्यार्थ्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ ७.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट असावे आणि छताची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असावी. पलंग, टेबल, कपाट वजा केले की उरते ती एक सतरंजी अंथरण्याइतकी जमीन. एका खोलीत दोघे-तिघे असतील तर तीही सामाईक. म्हणून बाक, सायकल, मोठा स्टँड हा माल या गिऱ्हाईकाला दाखवूच नये. जे पलंगाखाली सरकेल किंवा खुंटीला टांगता येईल तेच त्याच्या कामाचे.

दुसरी गोष्ट छताचा पंखा. परदेशी कंपन्यांच्या चित्रांत तो कधी दिसत नाही. नऊ फुटी छताला पंखा टांगला की पाती आठ फुटांच्या आसपास येतात. पावणेसहा फूट उंचीच्या मुलाने हात वर केला तर बोटे सव्वासात फुटांपर्यंत जातात. त्या हातात डंबेल असेल किंवा तो दोरीवरून उड्या मारत असेल तर राहिलेले अंतर काहीच नाही. दोरी विकताना गच्चीवर किंवा अंगणात वापर, एवढे सांगायला पैसे पडत नाहीत. दोरीचे मापही दुकानातच घ्यावे: मधोमध पाय ठेवून दोरी वर ओढली की मुठी काखेपर्यंत याव्यात.

तिसरी गोष्ट खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी. परीक्षेच्या दिवसांत रात्री दहा वाजता वरून लोखंड आपटले तर तक्रार थेट वॉर्डनकडे जाते. सामान जप्त झाले तर ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दुकानात येत नाही.

लोखंड: वजन काट्यावर दाखवा

डंबेल घेताना मुलगा फक्त आकडा पाहतो. बाजारात रंगीत प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेले डंबेल स्वस्त मिळतात. ओतीव लोखंडाचे एक लिटर आकारमान सुमारे ७ किलो भरते, काँक्रीटचे सुमारे २.४ किलो. म्हणजे त्याच वजनाला सिमेंटचा डंबेल जवळजवळ तिप्पट जागा खातो. शिवाय आवरण फुटले की भुकटी गळू लागते. छोट्या खोलीला लोखंडच बरे, मग ते थोडे महाग का असेना.

त्यातही पाच-सहा ठोक जोड्या ठेवण्यापेक्षा दांडा आणि सुट्या प्लेटा चांगल्या. एक हिशेब पाहा. दोन दांडे, दोन किलोच्या चार प्लेटा आणि एक किलोच्या चार प्लेटा. दोन्ही हातांत एकदम घ्यायचे तर प्रत्येक हातात प्लेटांचे सहा किलोपर्यंत होतात. सगळ्या प्लेटा एकाच दांड्यावर चढवल्या तर २, ४, ६, ८, १० आणि १२ किलो असे सहा टप्पे मिळतात. नवशिक्याचे वर्षभर तरी यावर भागते आणि सगळा पसारा एका बुटांच्या खोक्याइतका होतो. दांड्याची लांबी सर्व प्लेटा मावतील इतकी हवी आणि भोकाचे माप दांड्याला जुळते हवे. ढिली प्लेट खडखडते आणि नट सैल होतो. लेथवर काम करणाऱ्या आपल्या कारागिरांना आटे पाडणे नवीन नाही. नटाच्या आतल्या बाजूला रबरी वायसर बसवला की तो पकडून राहतो.

आता इमानदारीचा मुद्दा. डंबेल हा वजनावर विकला जाणारा माल आहे. पाच किलो लिहिलेला डंबेल काट्यावर साडेचार भरला तर तो दुकानदार मापात मारतो आहे, मग ते कारखान्याने केलेले असो की आणखी कोणी. माल आला की प्रत्येक नग तोला. कमी भरला तर परत करा किंवा खरे वजन लिहूनच विका. २००९ चा वैधमापन कायदा आहेच, पण गिऱ्हाईकासमोर काट्यावर ठेवून दाखवण्याइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही. ऑनलाइनवाल्याला ती करता येत नाही.

रबर: हलके, शांत, पण नाशवंत

ओढायच्या रबरी पट्ट्या ही होस्टेलसाठी सर्वांत सोयीची वस्तू. त्यांचा आवाज होत नाही, फरशी फुटत नाही, आणि सुटीत गावी जाताना त्या बॅगेत मावतात. कल्पना जुनीच आहे. सँडो बनियनला ज्याचे नाव मिळाले तो युजिन सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. तो स्वतःच्या नावाने स्प्रिंगचे डंबेल आणि रबरी दोऱ्यांचे ‘डेव्हलपर’ विकत असे. पुढे आपल्या मासिकांतून बुलवर्करच्या जाहिराती यायच्या, त्या जुन्या वाचकांना आठवत असतील.

रबराचा दोष असा की ते पडून राहिले तरी म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि तेल यांनी नैसर्गिक रबराला बारीक चिरा पडतात आणि मग ताणलेली पट्टी तोंडावर तुटते. शोकेसमध्ये उन्हात टांगून ठेवलेली पट्टी विकू नये. थोडी टाल्कम पावडर लावून अंधाऱ्या खोक्यात ठेवावी आणि देताना ताणून, कडा उजेडात पाहून द्यावी. डोक्याला तेल लावून त्याच हाताने पट्टी धरू नये, हेही मुलांना सांगावे.

पट्टी दारात अडकवण्यासाठी निवारीचा अडकण येतो. होस्टेलचे दार बहुधा आत उघडते, म्हणजे आतून ओढले की दारच उघडायला बघते. म्हणून कडी लावल्याशिवाय व्यायाम करू नये आणि अडकण बिजागरीच्या बाजूला बसवावा. हा अडकण बॅगा शिवणारा कोणताही कारीगर जाड नायलॉन निवारीतून, आडव्या-उभ्या दुहेरी टाक्यांनी शिवू शकतो.

दाराचा बार विकण्यापूर्वी दहादा विचार करा

मुलांना सर्वांत जास्त आकर्षण दाराच्या चौकटीत बसणाऱ्या बारचे असते, आणि माझ्या मते हाच माल सर्वांत जपून विकावा. एक प्रकार चौकटीवर आकडे अडकवून बसतो. तो अमेरिकी घरांसाठी बनलेला आहे, जिथे दाराभोवती पुढे आलेली लाकडी पट्टी असते. आपल्याकडे चौकट बहुतेक भिंतीच्या गिलाव्याशी सपाट असते, त्यामुळे आकड्याला धरायला काही मिळत नाही. दुसरा प्रकार आटे फिरवून दोन्ही बाजूंनी दाबून बसतो. लाकडी चौकटीत तो टिकतो, पण होस्टेलांत पत्र्याच्या घडीव चौकटी पुष्कळ असतात. त्यावर रबरी टोके घसरतात, किंवा पत्रा दबतो आणि डिपॉझिट कापले जाते. भोके पाडून बसवायला वॉर्डन परवानगी देत नाहीत. खोक्यावर १०० किलो लिहिले म्हणजे १०० किलोचा मुलगा झोके घेऊ शकेल असे नाही, कारण झटक्याने भार एकदम वाढतो. चौकट लाकडी की लोखंडी, हे विचारल्याशिवाय बार काउंटरवर काढू नये. पाठीवर पडलेल्या मुलाचे वडील दुकानात येतात तेव्हा पावती कामाला येत नाही.

जे आपण बनवू शकतो

गामा पहिलवान १९१० साली लंडन गाजवून आले, त्यांच्या मेहनतीचा पाया जोर-बैठकांवर होता. जोर काढण्याचे लाकडी हत्थे आपल्या सुतारांना चांगले ठाऊक आहेत. शिसव किंवा बाभळीचा तुकडा, मूठ गोल तासलेली आणि खाली सायकलच्या ट्यूबचा रबर चिकटवलेला, की माल तयार. टाइलवर घसरत नाही आणि मनगट सरळ राहते. मुद्गल मात्र या खोलीचा नव्हे, तो फिरवायला चारी बाजूंनी जागा लागते.

सतरंजीचेही तसेच. फोमच्या चटया लवकर फाटतात. सोलापुरी जाड सतरंजी टिकते, धुता येते, पण टाइलवर सरकते. तिच्या खाली रबरी जाळी शिवली तर तोच माल व्यायामाच्या चटईच्या भावाने जाईल.

सर्वांत चांगली गोष्ट मला वाटते ती वाळूच्या पिशवीची. कॅनव्हासची दुहेरी पिशवी, आत वाळू ठेवण्याच्या दोन-तीन बंद थैल्या, बाहेर चार मजबूत पकडी. कोरडी वाळू लिटरला सुमारे दीड किलो भरते, म्हणजे दहा किलोला सहा-सात लिटर पुरे. पिशवी रिकामी विकायची, वाळू गिऱ्हाईक भरेल. पोस्टाने पाठवली तरी वजन काही नाही, फरशीवर पडली तरी आवाज नाही. शिवण उसवली तर वाळू खोलीभर होईल, म्हणून आतल्या थैल्यांची शिलाई स्वतः तपासल्याशिवाय माल सोडू नये.

भांडवल आणि हिशेब

तयार माल मेरठ आणि जालंधरहून येतो. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्यांनी तिथे हा धंदा वाढवला. मुंबईत धोबी तलावला खेळ-साहित्याची दुकाने आहेतच. बिल बनवताना एक लक्षात असू द्या: खेळाचे सामान आणि सर्वसाधारण व्यायामाची साधने ९५०६ या एकाच शीर्षकाखाली येतात, पण जीएसटीच्या दृष्टीने ती वेगळी धरली जातात. पहिली खरेदी करण्यापूर्वी कर सल्लागाराला दर विचारून घ्यावा. बंद पाकिटावर उत्पादकाचे, आणि बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचे नाव-पत्ता व किंमत छापलेली नसेल तर तो माल घेऊ नये.

वरच्या हिशेबातले डंबेलचे दहा सेट म्हणजे नुसत्या प्लेटाच १२० किलो. भाडे, हमाली, जागा सगळे लागते. रबरी पट्ट्यांचे दहा सेट एका हातपिशवीत येतात. पण लोखंड दुकानात दोन वर्षे पडले तरी लोखंडच राहते, गंज पुसून रंग मारला की झाले. रबर तसे नाही. म्हणून रबर थोडे थोडे, दर हंगामाला ताजे मागवावे आणि लोखंडात पैसा अडकला तरी घाबरू नये. शेवटच्या वर्षाची मुले मे महिन्यात खोली सोडतात तेव्हा त्यांच्याकडून डंबेल तोलून परत विकत घ्यावेत. जुलैत नवीन मुले येतात आणि जुना, रंग मारलेला, काट्यावर दाखवलेला सेट नव्याआधी उचलतात.