फोटोतली आमसुली, हातातली चॉकलेटी

दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या नवी मुंबईत साड्यांचा धंदा नुसता मोबाइलवर चालतो. नेरुळ, सानपाडा, कोपरखैरण्यातल्या कितीतरी जणी सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमधल्या हातमागाच्या प्रदर्शनातून, नाहीतर थेट येवल्याहून साड्या आणतात, बाल्कनीच्या गजावर पसरून फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. गिऱ्हाईक कधी परभणीचं, कधी सांगलीचं, कधी पार अमेरिकेतलं. दुकान नाही, भाडं नाही, पागडी नाही. सगळी भिस्त त्या एका फोटोवर.

आणि साडी परत येते तीही त्या फोटोपायीच. ‘ताई, फोटोत छान आमसुली होती हो, ही तर चॉकलेटी निघाली!’ आमच्या बचत गटातल्या एकीची साडेआठ हजारांची पैठणी गेल्या वर्षी अशीच परत आली. जाण्यायेण्याचं कुरिअर तिच्याच अंगावर पडलं आणि सातशे रुपयांचा नफा त्यातच जिरला. पण तिला लागलं ते गिऱ्हाइकाचं शेवटचं वाक्य, ‘तुम्ही फसवलंत.’ फसवलं कोणीच नव्हतं. तिने साडी होती तशीच दाखवली होती आणि समोरच्या बाईंना खरंच आमसुली दिसली होती. मग मधल्या मध्ये रंग बदलला कोणी?

मैत्रिणींनो, पाककृतीत ‘दोन वाट्या साखर’ लिहिलेलं असतं, तेव्हा आपण पहिल्यांदा काय विचारतो? वाटी केवढी? फोटोचंही अगदी तसंच आहे. फोनला रंग कळत नाही, त्याला कळतात आकडे. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. पण ‘लाल २००’ म्हणजे नेमका किती लाल, हे कोणत्या वाटीने मोजलं त्यावर ठरतं. ती वाटी कोणती, हे सांगणारी एक छोटीशी चिठ्ठी फोटोच्या फाइलमध्ये खोचलेली असते. तिचं नाव कलर प्रोफाइल.

सगळ्यांच्या घरात सापडेल अशी वाटी म्हणजे एसआरजीबी. ह्युलेट पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या दोन कंपन्यांनी १९९६ साली ती सुचवली आणि १९९९ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. फोटोत चिठ्ठी नसेल, तर बहुतेक ठिकाणी हीच वाटी धरली जाते. दुसरी मोठी वाटी अ‍ॅडोबी आरजीबी, १९९८ सालची, मुख्यतः छपाईवाल्यांच्या सोयीची. तिसरी डिस्प्ले पी३. आयफोन २०१६ च्या आयफोन ७ पासून या मोठ्या वाटीत फोटो काढतात.

आता घोळ कसा होतो बघा. फोटो मोठ्या वाटीने मोजलेला, पण काही अ‍ॅप आणि वेबसाइट फोटो लहान करताना चिठ्ठीच काढून टाकतात. पुढचा फोन लहान वाटी धरून चालतो. मग दोन मोठ्या वाट्यांच्या जागी दोन लहान वाट्या साखर पडते आणि शिरा अळणी होतो! फोटो फिका, मातकट दिसतो. राणी कलर विटलेला वाटतो, हिरव्याला कळा राहत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, ‘जुना माल दिसतोय.’

घरात भाच्याचा किंवा लेकाचा मोठा कॅमेरा असेल तर एक खूण बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटोच्या फाइलचं नाव आडव्या रेघेने सुरू होत असेल, तर तो अ‍ॅडोबी आरजीबीत काढलेला असतो. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘कलर स्पेस’ शोधायचं आणि एसआरजीबी करून टाकायचं, दहा सेकंदांचं काम. आधीच काढलेले फोटो कॉम्प्युटरवर बदलता येतात. त्यासाठी जिम्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘असाइन’ आणि ‘कन्व्हर्ट’ अशा दोन आज्ञा दिसतात आणि भले भले इथे गोंधळतात. कन्व्हर्ट म्हणजे दोन मोठ्या वाट्यांची साखर लहान वाटीने पुन्हा मोजून तीन लिहिणं. असाइन म्हणजे साखर न मोजता नुसती चिठ्ठी बदलणं, म्हणजे शिरा पुन्हा बिघडलाच! आपल्याला हवं ते कन्व्हर्ट. सेव्ह करताना प्रोफाइल जोडण्याची चौकट असेल तर तिथे टिक राहू द्यावी.

मोठ्या वाटीत जास्त रंग मावतात, मग लहान का वापरायची, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. एसआरजीबी नेमकी हिरव्या-निळ्यामधल्या छटांना तोकडी पडते, त्यामुळे रेशमावरचा गडद, झळाळता मोरपंखी त्यात पुरता उतरत नाही. तरी माझं मत पक्कं आहे. स्वतःजवळ ठेवायचा मूळ फोटो मोठ्या वाटीत असू दे, ग्रुपवर पाठवायचा मात्र एसआरजीबीच. गिऱ्हाइकाच्या हातात कोणता फोन आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

अर्थात सगळं खापर प्रोफाइलवर फोडून चालणार नाही. पिवळ्या बल्बखाली किंवा रंगीत पडद्याआडच्या उजेडात काढलेला फोटो कुठल्याच चिठ्ठीने सुधारत नाही. सकाळी खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी, दिवे बंद करून फोटो काढावा आणि साडीशेजारी एक पांढरा कागद ठेवावा. कागद पिवळा किंवा निळा दिसला, तर साडीचाही रंग बिघडलाय असं समजावं. जांभळा रंग तर भलताच फसवा, बऱ्याच फोनना तो निळाच वाटतो.

पाहणाऱ्याच्या फोनचंही एक दुखणं असतं. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले ‘व्हिव्हिड’वर असतो, म्हणजे सगळे रंग चढवून दाखवणार. सीवूड्सच्या तळ्यावर फ्लेमिंगो येतात. समोर पाहिलं तर त्यांतले बरेच फिकट, पांढुरके गुलाबी, आणि ग्रुपवर आलेल्या फोटोंत पाहावं तर राणी कलरचे! साडीचा व्यवहार करताना विकणारीने आणि घेणारीने दोघींनी ‘नॅचरल’ लावावं आणि रात्रीचा पिवळा प्रकाशही बंद करावा.

रंगाचं माप ठरवताना कोणाला समोर धरलं, हाही प्रश्न आहेच. कोडॅक कंपनी विसाव्या शतकाच्या मध्यात फोटो छापणाऱ्या लॅबना एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड द्यायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती नीट दिसली, की रंग बरोबर! सावळ्या माणसांच्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवायचे. फिल्म सुधारावी म्हणून कंपनीवर दबाव आला, तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांकडून, त्यांच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या म्हणून. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. गूगलने सावळ्या, काळ्या कांतीसाठी कॅमेरा वेगळा जुळवला तो तर २०२१ मध्ये. आणि आपल्याकडे? स्थळासाठी पाठवायच्या फोटोत ब्यूटी मोड लावून गव्हाळ लेकीला आपणच गोरी करतो, आणि चहापोह्यांच्या दिवशी तिलाच मान खाली घालून बसावं लागतं. साडी निदान कुरिअरने परत येते.

आमच्या गटात आता फोटोखाली रंग शब्दांत लिहायची पद्धत पडली आहे. ‘मरून’ असं मोघम नाही. आमसुली की डाळिंबी, जांभळ्याकडे झुकणारा की तपकिरीकडे, काठ कोणता, सगळं लिहायचं. आपल्या भाषेत रंगांना केवढी नावं आहेत! पैठणीवाल्यांचीच बघा, पोपटी तो राघू, पांढरा तो शिरोदक, काळ्या साडीला लाल काठ ती काळी चंद्रकला. ज्या बाईने उभ्या आयुष्यात प्रोफाइल हा शब्द ऐकला नाही, तिलाही ‘अबोली’ म्हटलं की नेमकं कळतं. महाग साडी असेल तर आतल्या बाजूचे चार धागे पाकिटात घालून आधी पाठवतात.

धूपछाव पैठणीला मात्र एक फोटो पुरतच नाही. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे साडी हलली की रंग पालटतो. तिचे दोन फोटो पाठवायचे, एक समोरून, एक तिरका, आणि जोडीला पदर हलवतानाचा छोटा व्हिडिओ. यंदा परत आलेल्या साडेआठ हजारांच्या साडीचा व्यवहार शेवटी असाच जमला. नव्या गिऱ्हाइकाने व्हिडिओ पाहून विचारलं, ‘मधे जी चॉकलेटी झाक दिसते, तीच आहे ना? मला तीच हवीय.’