दगडी भिंतींवर ओकचं छत्र

उत्तर स्पेनच्या बास्क प्रदेशात, गिपुस्कोआ प्रांतातल्या सुमारागा गावाच्या वरच्या डोंगरउतारावर ‘ला आंतिग्वा’ हे जुनं चर्च आहे. कागदोपत्री त्याचा उल्लेख १३६६ सालापासून सापडतो. जाड भिंती आणि अरुंद खिडक्यांमुळे बाहेरून ते एखाद्या गढीसारखं दिसतं. आत गेल्यावर मात्र नजर थेट वर जाते. दगडी खांबांच्या माथ्यावर ओकच्या तुळया, वासे आणि तिरके धीरे यांचा भव्य सांगाडा उभा आहे. त्यावर भौमितिक नक्षी आणि स्त्रियांचे चेहरे कोरलेले आहेत.

या सांगाड्याचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण त्याला पेलवत नाही. त्यामुळे दगडी छत कमानीच्या आकारात बांधावं लागतं आणि कमान भिंतींना सतत बाहेर ढकलत राहते. मोठ्या गॉथिक कॅथेड्रलना बाहेरून दगडी टेकू द्यावे लागले, ते यामुळेच. लाकूड दाबाबरोबर तंतूंच्या दिशेने ताणही सोसतं. उतरत्या छपराचे दोन्ही पाखे खालच्या बाजूला फाकू पाहतात. आडवी तुळई त्यांना धरून ठेवते. धीऱ्यांमुळे चौकटीत त्रिकोण तयार होतात आणि बाजूंची लांबी कायम असेपर्यंत त्रिकोणाचा आकार बदलत नाही. शिवाय घनमीटरभर दगडाचं वजन अडीच हजार किलोच्या आसपास असतं, तर वाळलेल्या ओकचं साधारण सातशे किलो.

असा सांगाडा उभारण्याचं कसब या मातीतलंच आहे. गिपुस्कोआच्या ओकवनांनी लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा दिला, जहाजांना फळ्या दिल्या आणि घरांना तुळया. लाकडाची नस ओळखणारे सुतार इथे पिढ्यान्‌पिढ्या घडत गेले.

१५७६ मध्ये गावाचा धार्मिक कारभार खाली दरीतल्या नव्या चर्चमध्ये गेला. तरी दरवर्षी २ जुलैला ला आंतिग्वामध्ये तलवारनृत्य होतं.

ओकच्या गाभ्यातलं टॅनिन कीड आणि बुरशीला रोखतं, पण त्यालाही मर्यादा आहेत. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजणं सुरू होऊ शकतं. बास्कसारख्या पावसाळी प्रदेशात लाकडी छताचं आयुष्य त्यावरच्या कौलांवर ठरतं. म्हणून या वास्तूचं श्रेय ती बांधणाऱ्या सुतारांइतकंच वेळच्या वेळी छप्पर शाकारणाऱ्या प्रत्येक पिढीला द्यायला हवं.