बारतोंडीची नोनी झाली, पण गिऱ्हाईक कुठे आहे?



पावसाळा तोंडावर आला की गावोगाव रोपांच्या गाड्या फिरू लागतात. कुणी चंदन घेऊन येतो, कुणी सफेद मुसळी, तर कुणी नोनी. गाडीबरोबर एक रंगीत कागदही येतो. त्यावर एकरी लाखाचे आकडे छापलेले असतात. आज नोनीविषयी लिहितो आहे. लागवड कशी करायची ते सांगणारच आहे, पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या सज्जातल्या एका गावात एका कंपनीचा माणूस आला. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा झाली. "रोपं आमची, जमीन तुमची, सगळी फळं आम्हीच उचलणार," असं त्यानं सांगितलं. रोपाचा दर साध्या रोपवाटिकेच्या कैक पट होता. सभा संपल्यावर गावातले एक काका माझ्याकडे आले नि म्हणाले, "साहेब, लावू का?" मी म्हणालो, "झाड काटक आहे, आपल्याकडे येईल. लावा, हरकत नाही." झाडाबद्दल मी बोललो ते खरं होतं. कराराचा कागद मात्र मी मागून पाहिला नाही. काकांनी काजूची नवी कलमं लावायचा बेत रद्द केला आणि एकरभर नोनी लावली. तिसऱ्या वर्षी झाडं फळांनी लगडली. कंपनीचा फोन तेव्हा बंद लागत होता.

झाड फसलं नाही, माणूस फसला. म्हणून आज दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो.

ही नवी वनस्पती नव्हे

नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया. ही कॉफीच्या कुळातली. आपल्या दारातला अनंत, एक्झोरा आणि रानातला कळंब हे सगळे याच कुळातले. आपल्या जंगलात आणि बांधावर जी बारतोंडी किंवा आल दिसते, ती नोनीची सख्खी चुलत बहीण. बारतोंडीची पानं बहुधा लवदार आणि फळं लहान असतात. नोनीची पानं मोठी, गुळगुळीत, चकचकीत असतात आणि फळ बटाट्याएवढं होतं. दोघींच्याही फळावर डोळेच डोळे असतात. अनेक फुलांचे बुडखे एकमेकांना चिकटून हे एक फळ बनतं आणि प्रत्येक डोळा म्हणजे एका फुलाची खूण. "बारा तोंडांची" ती बारतोंडी. रोपं घेताना हा फरक ओळखा. बारतोंडीची रोपं नोनी म्हणून गळ्यात मारली जाऊ शकतात.

या आलेला एकेकाळी मोठा मान होता. मुळांच्या सालीतून लाल रंग निघायचा. तुरटी वापरून त्यानं कापड रंगवलं की रंग पक्का बसे. खारव्याचं जाडं लाल कापड याच रंगाचं. मध्य हिंदुस्थानात आणि वऱ्हाडाकडे शेतकरी रंगासाठी आलेची लागवड करत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड खणून मुळं विकत. बारीक मुळांना भाव जास्त, कारण रंग त्यांच्यात जास्त. मग १८६८ साली जर्मनीत अलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला. थोड्याच वर्षांत कारखान्याचा स्वस्त रंग बाजारात आला आणि आलेची शेती हळूहळू बसली. झाडात काही खोट नव्हती. एकाच गिऱ्हाइकावर उभं असलेलं पीक, गिऱ्हाईक गेल्यावर आडवं झालं. काकांच्या एकरात पुन्हा तेच घडलं.

हवामान आणि जमीन

नोनी उष्ण, दमट हवेची. समुद्रकाठ तिचं मूळ घर. तिच्या बीत हवेची पोकळी असते, त्यामुळे बी पाण्यावर तरंगतं आणि लाटांबरोबर दूर जातं. खारा वारा आणि थोडी खारवट जमीन तिला चालते. कातळाच्या कडेची जांभी माती, रेताड माती यांतही ती तग धरते. कोकणपट्टीत म्हणूनच ती सहज येते. घाटावर जिथे थंडी कडक पडते, तिथे वाढ थांबते. दहिवर गोठलं तर झाड मरतं. लहान रोपाच्या बुडाशी पाणी साचून राहू देऊ नका. पाणथळ भातखाचरात लावायचं हे झाड नाही.

रोपं घरीच करा

पिकून मऊ झालेलं फळ घ्या. वास उग्र येतो, नाकाला फडकं बांधा. फळ कुस्करून चाळणीवर पाण्याखाली चोळा, म्हणजे गर निघून जाईल आणि तपकिरी बिया उरतील. बियांचं कवच कडक असतं. तसंच पेरलं तर उगवायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. म्हणून नखं कापायच्या नेलकटरनं बीचं टोक जरासं कापा. आतल्या गराला इजा होऊ देऊ नका. मग उबदार जागी, ओलसर मातीत पेरा. दीड-दोन महिन्यांत कोंब दिसू लागतात.

छाट कलमंही लागतात. वीतभर ते हातभर लांबीची जून फांदी घ्या, सावलीत लावा आणि ओल टिकवा. त्यांना फळ लवकर धरतं. बियांच्या झाडाचं मूळ मात्र जास्त भक्कम. पिशवीत रोप फूटभर होऊन खोड जाड झाल्याशिवाय शेतात नेऊ नका.

सुधारित वाण हवा असेल तर अंदमानातल्या केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्थेनं संजीवनी, संपदा, रक्षक आणि समृद्धी हे वाण निवडून दिले आहेत. "खास परदेशी वाण" म्हणून दामदुप्पट पैसे मागणाऱ्याला वाणाचं नाव आणि रोपवाटिकेचा परवाना विचारा.

लागवड आणि निगा

पहिल्या दोन चांगल्या पावसानंतर लावणी करा. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून ठेवा. भरताना वरची माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत घाला. बारा फुटांवर लावलं तर एकरी साधारण ३०० झाडं बसतात. पण एकरभर लावायचं का, त्याचं उत्तर पुढे येतं.

पहिले दोन उन्हाळे पाणी द्या. आठवड्याला एकदा भरपूर दिलेलं, रोज शिंपडण्यापेक्षा बरं. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा. पुढे झाड पाण्याचा ताण सोसतं. युरियाचा मारा करू नका. झाड नुसतं पानांवर जातं, फळ कमी लागतं आणि कोवळ्या फुटीवर मावा बसतो. सुरुवातीला शेंडा छाटून झाड झुडपासारखं ठेवा, म्हणजे फळ हातानं तोडता येतं.

सर्वात मोठा शत्रू मुळाशी असतो, तो म्हणजे सूत्रकृमी. झाड पिवळं पडून खुंटलं तर मूळ उकरून पाहा. मुळांवर गाठी दिसल्या की ओळखा. लागण झाल्यावर इलाज कठीण आहे, म्हणून रोप घेतानाच पिशवी फोडून एक-दोन रोपांची मुळं तपासा. खड्ड्यात निंबोळी पेंड घाला. पावसाळ्यात पानं आणि फांद्या काळ्या पडून लोंबू लागल्या तर बुरशी समजा. रोगट फांद्या काढून जाळा, झाडात वारा खेळू द्या आणि पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. फळं खाण्यासाठी जात असतील तर रासायनिक कीटकनाशकं टाळा.

फळ

पहिलं फळ वर्षभरात दिसतं, पण भरीव उत्पादन तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून. एकदा सुरू झालं की वर्षभर फुलं आणि फळं एकाच वेळी झाडावर असतात. हिरवं फळ पांढरट-पिवळं झालं, पण टणक आहे, तेव्हा तोडा. टणक असताना ते वाहतुकीत टिकतं. काही दिवसांत मऊ पडतं, रस गळू लागतो आणि आंबतं. म्हणजे पंधरवड्याला तोडणी, पाठोपाठ वाहतूक, आणि रस काढणारा जवळ हवा. हा जवळचा रस काढणारा कोण, हेच आमच्या गावात कुणी विचारलं नाही.

औषध म्हणून विकू नका

नोनीचा रस १९९६ पासून अमेरिकेत बाटलीबंद विकला जाऊ लागला आणि पुढे साखळी पद्धतीच्या विक्रीतून आपल्याकडे आला. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं बरं होतं, असं सांगितलं गेलं. याला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. युरोपात २००३ साली या रसाला मान्यता मिळाली ती खाद्यपदार्थ म्हणून, औषध म्हणून नव्हे. रसात पोटॅशियम बरंच असतं, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह, कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा आहे. बचत गटांनी रस काढून विकायचा असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी घ्यावी आणि बाटलीवर रोगांची नावं छापू नयेत.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना विनंती

ग्रामपंचायतीचा हॉल सभेला देताना कंपनीची नोंदणी, पत्ता आणि कराराचा मसुदा आधी मागा. हॉल दिला की लोक समजतात, पंचायतीची संमती आहे. कृषी खात्याचा माणूस सभेत बसला की तेच समजतात. मी बसलो होतो.

शेतकऱ्यांनी सही करण्याआधी इतकं पाहावं:

१. करार लेखी आहे का आणि मराठीत वाचून दाखवला का?

२. फळाचा दर, वाहतुकीचा खर्च आणि नाकारलेल्या मालाचं काय, हे लिहिलं आहे का?

३. कंपनी फळ घेऊन पैसे मिळवते, की रोपं विकूनच?

४. आधी ज्यांनी फळ विकलं, त्यांच्या बांधावर जाऊन विचारलं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "रोपं विकूनच" असेल तर चहा पाजून निरोप द्या.

मग नोनी लावूच नये का? लावा. गडग्याच्या कडेला, खारवट पडीक तुकड्यावर, वाऱ्याला आडोसा म्हणून पाच-दहा झाडं लावा. गिऱ्हाईक स्वतः शोधा, दोन हंगाम माल विकून पाहा, मग वाढवा. चालू बागेची जागा तिला देऊ नका.

काकांनी निम्मी झाडं काढून तिथे काजू लावला. उरलेल्यांपैकी काहींवर मिरीचे वेल चढवले. या झाडाचा आधार मिरीला चालतो. वेल चांगले धरले आहेत. पण काजूची तीन वर्षं गेली ती गेली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, या वेळी नीट वाचा." आम्ही दोघांनी पडवीत बसून तो कागद दोनदा वाचला. नाकारलेल्या मालाचं त्यात एक अक्षर नव्हतं. काकांनी कागदाची घडी केली आणि सही न करता परत पाठवला.