विश्लेषण : अपस्माराच्या औषधाची पातळी आता लाळेतूनही? रक्त न काढता तपासणी कशी होते?

अपस्माराची गोळी रोज वेळेवर घेऊनही काहींना फिट येते, तर काहींना त्याच डोसने गरगरते, झोप येत राहते. औषध कमी पडतेय की जास्त होतेय, हे ठरवताना डॉक्टर अनेकदा रक्तातील औषधाची पातळी तपासायला सांगतात. काही औषधांसाठी हीच तपासणी लाळेतूनही करता येते.

पातळी मोजण्याची गरज का?

फेनिटॉइन या जुन्या औषधाचेच उदाहरण घेऊ. रक्तातील त्याची पातळी साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर असावी लागते. कमी असेल तर फिट येण्याचा धोका असतो, जास्त झाली तर तोल जातो, बोलणे अडखळते. शिवाय या औषधाचा निचरा करण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते. ती संपत आली की डोस थोडासा वाढवला तरी पातळी एकदम चढते.

औषध लाळेत कसे येते?

रक्तात गेलेले औषध दोन भागांत विभागले जाते. एक भाग अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना चिकटून राहतो, तर दुसरा मोकळा असतो. मेंदूपर्यंत पोहोचून काम करतो तो हा मोकळा भाग आणि लाळेत झिरपतो तोही हाच. फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग प्रथिनांना चिकटलेला असतो. त्यामुळे रक्तात १५ असेल, तर लाळेत साधारण दीड दिसते. म्हणजेच लाळेतला आकडा रक्ताच्या तक्त्याशी थेट ताडून पाहू नये.

फायदा कोणाला?

सुईला घाबरणारी मुले आणि वारंवार तपासणी लागणारे रुग्ण यांना. गरोदरपणात लॅमोट्रिजिनची पातळी बरीच घसरू शकते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

आणखी एक मोठा फायदा आहे. गरोदरपणात किंवा मूत्रपिंड, यकृताच्या आजारात अल्ब्युमिन घटते. अशा वेळी फेनिटॉइनची रक्तातील एकूण पातळी कमी दिसते, प्रत्यक्षात मोकळे औषध पुरेसे असू शकते. तो आकडा पाहून डोस वाढवला तर त्रास होऊ शकतो. लाळ मोकळ्या भागाचा अंदाज देते.

सर्व औषधांसाठी चालते का?

नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटाम यांच्या रक्तातील आणि लाळेतील पातळीचा मेळ चांगला बसतो. व्हॅल्प्रोएटसाठी मात्र लाळ भरवशाची नाही. फेनोबार्बिटालच्या बाबतीत लाळेच्या आम्लतेमुळे आकडा बदलू शकतो.

नमुना देताना काय काळजी घ्यावी?

- नमुना पुढचा डोस घेण्याआधी, शक्यतो सकाळच्या गोळीपूर्वी द्यावा. तोंडात गोळीचे किंवा सिरपचे अंश राहिले तर आकडा फुगतो.
- पाण्याने चूळ भरून थोडा वेळ थांबावे.
- हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी सांगावे. फेनिटॉइनमुळे हिरड्या सुजू शकतात आणि लाळेत रक्त मिसळले की निकाल चुकतो.

मग रक्त तपासणी बंद?

तसे नाही. यकृताचे कार्य, रक्तपेशी, सोडियम तपासण्यासाठी रक्त द्यावेच लागते. लाळेतील अत्यल्प औषध मोजण्याची सोयही प्रत्येक प्रयोगशाळेत नसते. त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारावे.

अहवाल काहीही आला, तरी स्वतःहून डोस बदलू नये. औषध अचानक थांबवल्यास न थांबणारी, जीवघेणी फिट येऊ शकते.