छोट्या पेल्यांतील पारख

लखनौच्या चौकातील अत्तरविक्रेता कुपी विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या हाती फाया देतो. बिअरची पारखही अशीच अल्प प्रमाणात करावयाची असते. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या ‘डूलाली’सारख्या, जागीच बिअर तयार करणाऱ्या मद्यगृहांत निरनिराळ्या बिअर छोट्या पेल्यांतून चाखता येतात. त्यांचा क्रम महत्त्वाचा होय. प्रथम गव्हाची सौम्य, नंतर हॉप्सच्या फुलांनी कडवट झालेली आणि अखेरीस भाजलेल्या बार्लीची काळी बिअर घ्यावी. कारण कडवटपणा जिभेवर रेंगाळला की सौम्य चव लोपते. मध्ये पाण्याचा घोट घ्यावा. मात्र १०० मिलिलिटरचे चार पेले मिळून ३३० मिलिलिटरच्या बाटलीहून अधिक होतात, हे विसरू नये. फाया हुंगून बाजूस ठेवता येतो. पेल्यातील मद्य मात्र शरीरात साठत जाते.