ठोका मशीनला कळतो कसा? : ड्रम पॅड आणि पेडल निवडताना

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक ड्रम पॅडवर काय बोलणार, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. रास्त आहे. त्याला कारण माझा भाचा. तो ऑर्केस्ट्रात वाजवतो. एका गणपतीच्या हंगामाची सगळी कमाई त्यानं चार रबरी पॅड आणि दोन पेडलांवर घातली. घरी आणून ड्रम मशीनला जोडायला गेला, तर मशीनवर पॅड लावायला जागाच नव्हती. माल चांगला होता, निवड चुकली होती. कारण 'पॅड म्हणजे काय?' हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता. आणि 'म्हणजे काय' हा प्रश्न तर आमच्याच खात्यातला!

तर पहिली गोष्ट : पॅडला स्वतःचा आवाज नसतो. रबराखाली एक पातळ चकती असते, पिएझो. दाब पडला की वीज निर्माण करणारे स्फटिक असतात, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. त्याच तत्त्वावर ही चकती चालते. तुम्ही टिपरी मारता, विजेचा एक क्षणिक झटका तारेतून जातो, आणि मशीन त्यावरून ठरवतं : ठोका पडला, इतक्या जोरात पडला. आपले नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात ना, तसंच हे. मशीन ठोका ऐकत नाही, ठोक्याचं अनुमान करतं.

एवढं कळलं की निवडीचे प्रश्न आपोआप क्रमाने येतात.

पहिला प्रश्न, तुमच्या मशीनला कान कोणता आहे? काही मशीनना पॅडची तार थेट घेणारे ट्रिगर सॉकेट असतात. काहींना फक्त मिडी इन असतं. मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची 1983 पासूनची सामायिक भाषा. पॅडचा झटका ही भाषा नव्हे. मग मध्ये दुभाषा लागतो : एक तर ट्रिगरचं मिडीत रूपांतर करणारा डबा, नाहीतर स्वतःच मिडी बोलणारं पॅड. 1985 मध्ये रोलँडने आणलेला पहिला ऑक्टोपॅड नेमका असा होता : आठ पॅड्स, आवाज एकही नाही, फक्त मिडी. आणि जुन्या मशीनला, उदाहरणार्थ 1980 च्या टीआर-808 ला, मूळ रूपात मिडीही नाही. म्हणून मशीनची पाठ आधी बघा, मग दुकानात जा.

मिडी जुळलं तरी क्रमांक जुळायला हवेत. प्रचलित संकेतात बास ड्रम 36, स्नेअर 38, बंद हाय-हॅट 42, उघडा 46, आणि चॅनेल 10. पाठवणारा आणि घेणारा यांचा क्रमांक एक नसेल, तर ठोका जातो पण भलतंच वाजतं.

दुसरा प्रश्न हाताचा. 1981 च्या सिमन्सच्या षट्कोनी पॅड्सचा पृष्ठभाग कडक प्लास्टिकचा होता, वादकांची मनगटं दुखायची. आज रबर मिळतं आणि जाळीही. रबर आटोपशीर आणि बहुधा स्वस्त. जाळीवर हात ताजा राहतो, टिपरीचा आवाजही कमी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, खालच्या मजल्यावर त्रास देते ती टिपरी नव्हे, पायाची धमक. पेडलखाली जाड गादी हवीच.

तिसरा प्रश्न पायाचा. साधा फूटस्विच फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगतो. मशीन सुरू-बंद करायला तो पुरेसा. पण बास ड्रमला तो लावलात, तर प्रत्येक ठोका एकाच जोराचा! मिडीत जोर 1 ते 127 असा मोजतात, त्यातल्या 126 पायऱ्या तुम्ही फेकून दिल्या. म्हणून पिएझोवर खरा दांडा आपटणारं किक पेडल घ्या. हाय-हॅटचंही तसंच. अर्धवट उघडी झांज हवी असेल, तर पेडलने सतत बदलणारं मूल्य पाठवलं पाहिजे आणि मशीनला ते समजलं पाहिजे.

आता अनुमान म्हटलं की हेत्वाभास आलाच. शेजारचं पॅड हादरलं आणि मशीनला वाटलं याच्यावरही ठोका पडला : हा आमचा सव्यभिचार हेतू, दुकानदार त्याला क्रॉसटॉक म्हणतो. एका ठोक्याचे दोन ऐकू येणं हा दुसरा दोष. उपाय सेटिंगमध्ये असतो. थ्रेशोल्ड वाढवला की क्षुल्लक हादरे गळतात, पण फार वाढवलात तर तुमचा हळुवार ठोकाही गळतो. मास्क टाइम वाढवला की दुहेरी ठोके थांबतात, पण जलद रोल गिळला जातो. ही सेटिंग नसलेलं यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

विलंबाची भीती मात्र प्रमाणात बाळगा. दहा मिलिसेकंद म्हणजे आवाजाला हवेतून साधारण साडेतीन मीटर यायला लागणारा वेळ. स्टेजवर सोबतचा वादक तेवढा दूर असतोच.

भाच्यानं पुढच्या हंगामात रूपांतराचा डबा घेतला आणि एक स्विचवालं पेडल बदललं. तुम्हाला एकच सांगतो : दुकानात स्वतःचं मशीन घेऊन जा, आणि जोरात वाजवून बघू नका. जोराचा ठोका कोणतंही पॅड ओळखतं. तुमचा सगळ्यात हलका ठोका जे ओळखेल, ते घ्या.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ या.